मूळ नमुन्याची काच

१

काच जागेवर नव्हती.

कुलूपबाईंनी ट्रे आत ढकलला, परत बाहेर ओढला, जणू दुसऱ्यांदा ओढल्यावर काचेला लाज वाटेल आणि ती गुपचूप येऊन खाचेत बसेल. नाही बसली. आजूबाजूच्या काचा शहाण्यासारख्या आपापल्या खाचांत होत्या आणि मधली एक खाच मोकळी होती. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. त्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

जीवाश्मसंग्रहाच्या चाव्या कमरेला लावून फिरायच्या म्हणून सगळी संस्था त्यांना कुलूपबाई म्हणायची. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्यांना आवडायचंही. आज मात्र त्या नावाची शरम वाटली.

गेलेली काच बोटभर लांबीची. तिच्यावर जेलीच्या थेंबात, पातळ झाकणकाचेखाली, नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत असे चारपाच कोष होते. या कोषांची गोष्ट आत्ताच सांगून टाकलेली बरी, म्हणजे पुढे अडायला नको. समुद्रात डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव असतात. दोन शेपट्या हलवत, गिरक्या घेत जगतात. दिवस वाईट आले की त्यांच्यातल्या काही जाती स्वतःभोवती चिवट कवच बांधून तळाच्या गाळात निजतात. दिवस बरे आले की कवचाची झडप उघडून जीव निघून जातो आणि रिकामं घर मागे उरतं. गाळाचा दगड होतो तरी ते घर टिकतं. दगड आम्लात विरघळवला की हाती लागतात ती ही युगानुयुगांची रिकामी घरं. शिंगं कशी, कवचाचे तुकडे कसे जुळलेत, झडप कुठे, यावरून जात ठरते. आणि नवी जात जाहीर करायची तर एक कोष मूळ नमुना म्हणून कायमचा जपावा लागतो. कोणी शंका घेतली तर त्याच्यापुढे तोच ठेवायचा. तोच नसेल तर नाव हवेत लटकतं.

आणि हे नाव साधं नव्हतं. ते सरांच्या, म्हणजे कोषांवर आयुष्य घालवलेल्या संस्थेतल्या ज्येष्ठ संशोधकांच्या, लेकीचं होतं.

सरांची लेक भूवैज्ञानिक होती. कुलूपबाई आणि ती कॉलेजात एका बाकावर बसायच्या, एकमेकींचे डबे संपवायच्या. शेवटच्या फेरीत तिने एका कड्यावरून दगड आणला, त्यावर आपल्या हाताने चिठ्ठी चिकटवली आणि तो विरघळवायच्या आत आजारी पडली. पुन्हा उठली नाही. त्या दगडातून सरांना हे कोष मिळाले. कुठल्याच पुस्तकात नसलेले. सरांनी वर्णन लिहिलं, जातीला लेकीचं नाव दिलं. निबंध स्वीकारला गेला. आता फक्त मूळ नमुना संग्रहालयाकडे सोपवायचा राहिला होता. मधल्या काळात सरांच्या डोळ्यांचा मधला भाग विझत चालला होता. माणसाकडे बघायचं तर ते मान वळवून कडेने बघत. "हे एक नाव छापून येऊ दे," ते म्हणायचे, "मग डोळे गेले तरी माझी तक्रार नाही."

अशा माणसाला जाऊन सांगायचं होतं की काच गेली.

त्यांनी सांगितलं. सर कपाटापाशी आले आणि रिकाम्या खाचेतून बोट फिरवलं. "दुसरीकडे ठेवलीस का गं?" त्यांनी विचारलं. आवाज इतका मऊ होता की कुलूपबाईंना रडू आलं. मग त्यांनाच आठवलं: दगडाचा उरलेला गाळ एका कुपीत जपलेला होता. त्यातून दुसरी काच बनवता येईल, कदाचित आणखी एखादा कोष मिळेलही. त्या जवळजवळ धावतच कुप्यांच्या कप्प्याकडे गेल्या.

कुपीही नव्हती.

२

संचालकांनी पोलिसांचं नाव काढू दिलं नाही. संस्थेची अब्रू जाईल म्हणाले. आठवडाभरात काच मिळाली नाही तर निबंध मागे घेत असल्याचं कळवायचं, आणि तोवर काय शोधायचं ते कुलूपबाईंनी शोधायचं. चाव्या त्यांच्या, म्हणजे डोकेदुखीही त्यांची.

कपाटाच्या चाव्या तिघांकडे. एक कुलूपबाईंच्या कमरेला, एक विभागप्रमुखांच्या टेबलाच्या खणात, एक सरांकडे. सरांची चावी हल्ली घरीच, दारामागच्या खिळ्याला असायची, कारण खिशातली वस्तू चाचपडत शोधायचा त्यांना मनस्वी कंटाळा.

त्या आधी विभागप्रमुखांकडे गेल्या. या गृहस्थांचं आणि सरांचं विळ्याभोपळ्याचं नातं. सर बारीकसा फरक दिसला की नवी जात करणारे, प्रमुख दहा जाती एकीत कोंबणारे. लेकीच्या नावाच्या जातीबद्दलही ते भर सभेत म्हणाले होते की ही जुनीच जात आहे, शिंगं तेवढी जरा लांब. त्या दिवसापासून लोक त्यांच्याशेजारी चहाला बसेनासे झाले.

"बाई, मी चोर असतो तर कपाटासकट नेलं असतं," प्रमुख म्हणाले. "ती खोली मला किती वर्षं हवी आहे."

मग त्यांनी चष्मा काढला आणि जरा बऱ्या आवाजात बोलू लागले. त्यांचं म्हणणं असं, की सर चुकलेत हे दाखवायला त्यांना तीच काच हवी होती. संग्रहालयात गेली की रीतसर मागवून शिंगं मोजणार होते. आता काच नाही म्हटल्यावर सर चुकले असं कोणालाच सिद्ध करता येणार नाही. सगळ्यात जास्त नुकसान झालं असेल तर ते त्यांचं.

माणूस खडूस, पण बोलणं बिनतोड होतं. कुलूपबाईंनी त्यांच्या खणातली चावी बघितली. तिच्यावर धुळीचा थर होता आणि खणात तिचा ठसा उमटला होता. तिला बरेच दिवस कोणी हात लावला नव्हता.

परत जाताना त्या सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत डोकावल्या. खिडकीचा काळा पडदा ओढलेला होता. हा पडदा एकाच कामासाठी होता. त्यांनी यंत्राजवळ जाऊन पाहिलं. साध्या दिव्याची पट्टी बाजूला सारलेली होती आणि निळ्या दिव्याची जागेवर बसवलेली होती.

कोणीतरी काहीतरी निळ्या दिव्याखाली बघितलं होतं.

३

निळ्या दिव्याखाली हे कोष स्वतःच चमकतात. पण कसे चमकतात ते त्यांच्या वयावर. दगडात युगं काढलेला कोष मंद, तांबूस दिसतो. कालपरवाचा असेल तर लख्ख उजळतो. म्हणून जुन्यात नवं मिसळलंय अशी शंका आली, की लोक पडदा ओढतात. शंकाच नसेल तर ओढत नाहीत, उगाच अंधारात कोण बसेल. आपल्या लेकीच्या दगडाबद्दल सरांना कसली शंका असणार?

प्रमुखांना विचारलं तर म्हणाले की निळ्या दिव्याखाली शिंगं मोजता येत नाहीत, त्यांना त्याचा उपयोग काय. उरल्या ॲसिडताई.

ॲसिडताई म्हणजे दगड विरघळवणाऱ्या बाई. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, तोंडावर जाड मुखवटा, आणि मुखवट्याआडूनही दणदणीत ऐकू येणारं तोंड. मागे सरांनी काचसामान फोडल्यावरून त्यांना चारचौघांत झापलं होतं, तेव्हा बोट त्यांच्याकडेच दाखवायला सगळे टपलेले. कुलूपबाई खोलीत शिरताच त्यांनी ओळखलं.

शिव्या खाल्ल्या म्हणून काच चोरणारी बाई मी नव्हे, असं त्यांनी आधीच ठणकावून सांगितलं. कपाटाची चावी त्यांच्याकडे नाही, सूक्ष्मदर्शकात त्यांना फक्त आपल्याच पापण्या दिसतात, आणि लेकीच्या दगडाला तर त्यांनी हातही लावला नव्हता. सरांनी लावूच दिला नाही. सुट्टीच्या दिवशी, कोणी नसताना, सर स्वतः आले, स्वतः विरघळवलं, स्वतः गाळलं. लेकीचं काम दुसऱ्याच्या हाताने नको म्हणून.

"त्यात माझी जाळी ओली केली ते वेगळंच," ॲसिडताई म्हणाल्या.

"कुठली जाळी?"

"बंदराच्या गाळाची. दुसऱ्या दिवशी तोच गाळ परत चाळायचा होता म्हणून स्टँडवर ठेवली होती. नाहीतर आम्ही एका नमुन्याला एक जाळी वापरतो आणि फेकतो, तुम्हाला माहीतच आहे. सुट्टीवरून आले तर ओली, आणि भलत्याच बाजूला. सरांना विचारलं तर म्हणाले, मी नवीच घेतली होती. आता त्यांना नवीजुनी दिसते का, तुम्हीच सांगा."

त्या पुढेही बरंच बोलत होत्या, त्यांचा गाळ कसा वाया गेला, कोणी साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही. कुलूपबाईंच्या कानात काही शिरत नव्हतं. सरांनी लेकीचा दगड त्याच जाळीतून गाळला होता.

बंदराचा गाळ आजचा होता. त्यातले कोष काल जिवंत होते.

४

फोटो शाबूत होते. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून त्यांना खटकत होती. काच नेली, कुपी नेली, पण संस्थेच्या संगणकांवरचे फोटो जिथल्या तिथे. सरांची जात कायमची बुडवायला निघालेल्या माणसाने फोटो का ठेवावेत?

त्यांनी फोटो उघडले. मैत्रिणीच्या नावाचा कोष पडद्यावर आला. गोल, भरलेला, टोकाला फुटवा असलेली लांब शिंगं एकूण एक शाबूत. सर अभिमानाने सांगायचे, बघ किती सुरेख टिकलंय. आणि सगळ्यांनी मान डोलावली होती, कुलूपबाईंनीही. आता मात्र त्यांनी शेजारी दुसऱ्या दगडांतल्या कोषांचे फोटो लावले. ते सगळे दबलेले, चुरगळलेले, इस्त्री फिरवल्यासारखे चपटे. दगडाचं ओझं डोक्यावर घेऊन कोणी असं गुबगुबीत राहत नाही. हे त्यांना दिसायला हवं होतं. सगळ्यांना दिसायला हवं होतं. पण लेक गेलेल्या बापाच्या आनंदात खोट काढायला कोण जाणार, आणि जो गेला त्याला सगळ्यांनी वाळीत टाकलं.

त्या ग्रंथालयात गेल्या. आता एक गंमत सांगायला हवी, गंमत म्हणायचं तर. दगडातल्या कोषांवर काम करणारे वेगळे आणि समुद्रातल्या जिवंत जीवांवर काम करणारे वेगळे. दोघांच्या सभा वेगळ्या, जातींची नावं द्यायच्या रीतीसुद्धा वेगळ्या. एकमेकांची पुस्तकं हे लोक सहसा उघडत नाहीत. सरांनी दगडांची झाडून सगळी पुस्तकं पालथी घातली होती आणि 'असा कोष कुठेच नाही' म्हणून खुशीत आले होते. प्रमुखांनीही तीच पुस्तकं चाळून उलट निकाल दिला होता. जिवंत जातींचं कपाट ग्रंथालयाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिकडे दोघांपैकी कोणी फिरकलं नव्हतं.

कुलूपबाई फिरकल्या. त्यांना फार शोधावं लागलं नाही. चित्र पानभर होतं. तीच शिंगं, तीच झडप. जवळजवळ प्रत्येक बंदरात सापडणारी, अगदी सामान्य जात.

त्यांनी पुस्तक मिटलं. मैत्रीण आठवली. तिला हसू आलं असतं, असं आधी वाटलं. मग वाटलं, नसतं आलं.

चोराला जात बुडवायची नव्हती. नमुना पुन्हा कोणी तपासू नये, एवढंच त्याला हवं होतं. फोटोवर निळा दिवा टाकता येत नाही, काचेवर येतो, कुपीतल्या गाळावर येतो. म्हणजे हे काम खरं काय ते कळलेल्या माणसाचं, आणि सरांवर जीव असलेल्या माणसाचं. तपासणी प्रमुखांना तर हवीच होती. ॲसिडताईंना चावी नाही. सरांना निळ्या दिव्यात आता अंधारच दिसणार. आणि सरांची चावी दारामागच्या खिळ्याला होती.

त्या घरात सरांखेरीज एकच माणूस राहत होता.

५

जावयाने दार उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून म्हणाला, "ये. मला वाटलं त्यापेक्षा उशीरच केलास."

तो सरांचा विद्यार्थी, मग जावई. सासरे झाले तरी सरच म्हणायचा. बायको गेल्यावर लोक म्हणाले, आता हा वेगळं बिऱ्हाड करेल. त्याने केलं नाही. सरांच्या डोळ्यांत औषध घालायचं कामसुद्धा त्याच्याकडेच. संस्थेत फोटो काढायचं कामही तोच बघायचा.

कुलूपबाईंनी त्याला सगळं सांगितलं, पडद्यापासून पुस्तकापर्यंत. मग तो आतल्या खोलीत गेला, बायकोच्या कपड्यांचं कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि तिच्या एका स्वेटरमध्ये गुंडाळलेली काच आणि कुपी घेऊन तो बाहेर आला.

निबंधाबरोबर एखादा देखणा फोटो द्यावा म्हणून त्यानेच निळा दिवा लावला होता. सहज. आणि कोष असा लख्ख पेटला की त्याने फोटो न काढताच यंत्र बंद केलं.

"सरांना सांगायचं होतंस," कुलूपबाई म्हणाल्या.

"काय सांगू? तुमच्या लेकीच्या दगडात काही नव्हतं, आणि जे होतं ते तुमच्याच हाताने पडलं?" त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "छापून आलं असतं तर वर्षभरात कोणीतरी पकडलं असतं. मग जगभर तिच्या नावाने हसले असते लोक. बंदरातल्या गाळाला बायकोचं नाव. मला ते सहन झालं नसतं. म्हटलं, काच हरवली तर हळहळतील तरी. आणि सरांना वाटत राहील की होतं. डोळे जातील तेव्हा निदान एवढं तरी त्यांच्याजवळ असेल."

कुलूपबाईंना त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्या जागी असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं, हे त्यांना स्पष्ट कळत होतं, आणि त्याचंच वाईट वाटत होतं. खरं सांगितलं तर बाप मोडणार, नाही सांगितलं तर तो एका भ्रमावर जगणार. कोणाचं काय भलं होणार होतं यात?

"तिच्या दगडातलं उरलंय का काही?" त्यांनी विचारलं. "अगदी थोडंसंही?"

"एक तुकडा आहे. तिची चिठ्ठी चिकटवलेला. सर झोपताना त्याच्यावर हात ठेवतात. कोणाला उचलू देत नाहीत." तो उठला. "दाखवतो."

त्याच्या मागोमाग त्या सरांच्या खोलीत गेल्या. पलंगाशेजारी लहान टेबल होतं. त्यावर औषधाची बाटली होती आणि पाण्याचा ग्लास होता. चिठ्ठी होती, कडेने नीट सोडवून घेतलेली, ग्लासखाली दाबून ठेवलेली.

दगड नव्हता.

६

दोघं तडक संस्थेत आले. ॲसिडताई सूक्ष्मदर्शकाच्या खोलीच्या दारातच भेटल्या. मुखवटा काढलेला, डोळे लाल. सरांनी आदल्याच दिवशी दगड आणून दिला होता आणि कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. यावेळी चूक नको, तुम्हीच विरघळवा, असं म्हणाले होते. ताईंनी सगळं नवं वापरलं होतं, जाळी, भांडी, सगळं. खड्याएवढाही तुकडा मागे ठेवला नव्हता, कारण सरांनी तसंच सांगितलं होतं.

"काही चुकलं का माझं?" त्यांनी विचारलं.

कुलूपबाईंनी नुसती मान हलवली आणि आत गेल्या. जावई बाहेरच उभा राहिला.

सर सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. शेजारी ट्रे, ट्रेमध्ये ताज्या काचा. पावलांवरून त्यांनी ओळखलं. "आलीस? बरं झालं. मला मधलं काही दिसत नाही गं. तू बघ. माझे डोळे हो जरा."

कुलूपबाई त्यांच्या शेजारी बसल्या. पहिली काच लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक ओळ झाली की खालची. काळे कण होते, कोळशाच्या भुकटीसारखे. बाकी काही नव्हतं. एकही कोष नव्हता, मोडकासुद्धा. दुसरी काच लावली. तिसरी.

"दिसतंय का?"

"नाही सर."

"घाई नको करू."

चौथ्या काचेवर त्यांच्याने राहवेना. त्यांनी हात यंत्रावरून काढून मांडीवर घेतले.

"सर, यात काही नाही. आधीही नव्हतं."

बाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं, तिचा खडखडाट दूर जाईपर्यंत सर ऐकत राहिले.

"काच मिळाली तुला," ते म्हणाले.

"हो."

"निळ्या दिव्यात बघितली?"

"मी नाही. पण बघितली गेली आहे."

"कशी दिसली?"

त्या माणसाने आयुष्यभर हेच काम केलं होतं. त्याला अर्धवट उत्तर देऊन भागणार नव्हतं. "लख्ख," कुलूपबाई म्हणाल्या.

सरांनी मान हळूच खाली घातली. जाळी कुठली होती, कोणाच्या हातात होती, हे त्यांनी विचारलं नाही. दोन्ही हात पुढे धरले, उलटेसुलटे केले आणि मान वळवून कडेने त्यांच्याकडे बघत राहिले. कुलूपबाई रडत होत्या आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हत्या. त्या म्हणाल्या की नाव दुसऱ्या कशाला तरी देता येईल, दुसऱ्या दगडातल्या एखाद्या जातीला, आपण सगळे मिळून शोधू. सर शांतपणे ऐकत होते. तिने दुसरा दगड आणला नव्हता, एवढंच ते म्हणाले.

दाराशी जावई येऊन उभा राहिला होता. सरांना तो दिसला नसणार, पण त्यांनी त्या बाजूला हात केला, आणि तो आत येऊन त्यांच्या खुर्चीमागे थांबला.

"ट्रेमध्ये अजून किती आहेत?" सरांनी विचारलं.

"बऱ्याच आहेत. पण सर, त्यांतही..."

"कळलं मला. मी आंधळा होतोय, खुळा नाही." त्यांनी चाचपडत कुलूपबाईंचा हात शोधला आणि उचलून यंत्रावर ठेवला. "पुढची लाव."

कुलूपबाईंनी डोळे पुसले आणि पुढची काच लावली.